न्यू रिव्हरकाठची गिरणी आणि तिचे तीन गवई

दर १ जानेवारीला अमेरिकेत जुन्या गाण्यांची एक खेप कॉपीराइटच्या कुलपातून सुटते. २०२५च्या १ जानेवारीला १९२४ साली बाजारात आलेल्या तबकड्या सुटल्या. त्या आता कुणीही वाजवाव्यात, पुन्हा काढाव्यात, चित्रपटात वापराव्यात; परवानगी नको, पैसे नकोत. त्या खेपेत हेन्री व्हिटर या गिरणी कामगाराची तबकडी होती. पुढच्याच महिन्यात बियॉन्से या कृष्णवर्णीय गायिकेला सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि वर्षभर धुमसणारा प्रश्न पुन्हा पेटला: कंट्री संगीत नक्की कुणाचं?

वादात उत्तरं आली ती बहुतेक कंट्रीच्या धंद्याची राजधानी असलेल्या नॅशव्हिलकडे किंवा टेक्ससकडे बोट दाखवणारी. माझं बोट मात्र व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या एका गावाकडे वळतं. नाव फ्रीझ. आज तिथे पाचशे माणसंही राहत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी तिथे कापडगिरणी होती, आणि त्या गिरणीशी नातं असलेल्या तिघांनी कंट्री संगीताच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्या गायल्या. या संगीताच्या नावात गावाकडची हवा आहे. त्याची पावलं मात्र गिरणीच्या भोंग्यावर पडत होती, आणि हे कळलं की बाकीचा बराच गोंधळ आपोआप सुटतो.

आधी, कंट्री म्हणजे काय?

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या सामान्य लोकांच्या गाण्यातून उगवलेला हा प्रकार आहे. फिडल, म्हणजे व्हायोलिनच पण नाचाच्या ठेक्यावर वाजवलेलं, इंग्लंड-स्कॉटलंड-आयर्लंडमधून आलेल्या वसाहतकऱ्यांनी आणलं. बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आपल्या आठवणीतल्या वाद्यांवरून घडवला. त्यात चर्चची भजनं मिसळली, आणि मिसळले लांबलचक कथागीतांचे प्रकार: कुणाचा खून झाला, कुठे गाडी पडली, कुणी कुणाला फसवलं. आपल्या पोवाड्यात जशी घटना सांगितली जाते तशीच, फक्त वीररसाऐवजी बहुधा हळहळ.

१९२३ साली या सगळ्याला ‘कंट्री’ म्हणत नव्हते. कंपन्यांच्या यादीत ‘जुन्या चालीची गाणी’ असं काहीतरी लिहिलेलं असायचं. मग ‘हिलबिली’ हा शब्द आला. डोंगरातला अडाणी माणूस असा त्याचा अर्थ, म्हणजे जवळजवळ शिवीच. ‘कंट्री’ हे नाव रुळलं ते १९४०चं दशक संपता संपता. काउबॉयची टोपीसुद्धा उशिराची आहे. १९३०च्या दशकातल्या हॉलिवूडच्या गाणाऱ्या घोडेस्वारांनी ती लोकप्रिय केली. आपल्या कथेतल्या माणसांच्या डोक्यावर ती टोपी नाही. असलाच तर केसांत कापसाचा तूस आहे.

डोंगरात गिरणी आली कशी?

पाण्यामुळे. फ्रीझच्या कडेने न्यू रिव्हर वाहते. नाव ‘नवी नदी’, पण भूगर्भशास्त्राच्या हिशेबात ती जगातल्या फार जुन्या नद्यांपैकी एक मानली जाते. तिच्या एका धबधब्यावर शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातले उद्योजक कर्नल फ्रान्सिस फ्रीझ यांची नजर पडली. विसावं शतक उजाडता उजाडता त्यांनी तिथे धरण बांधायला घेतलं, धरणाच्या जोरावर गिरणी उभी केली, गिरणीसाठी चढावर घरांच्या रांगा बांधल्या. रेल्वेचा फाटा आला. १९०३च्या सुमारास साचे, म्हणजे यंत्रमाग, फिरू लागले. गावाला मालकाचंच आडनाव मिळालं.

अशा गावाला अमेरिकेत ‘कंपनी टाउन’ म्हणतात. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, करमणुकीची जागा कंपनीची. सकाळी भोंगा वाजला की सगळं गाव उठतं. गिरणगावातल्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे वेगळं समजवायला नको.

पण गिरणीत गवई कुठून आले?

डोंगरातला शेतकरी पूर्वी गायचा ते आपल्या घरात, आपल्या खोऱ्यात. आजोबांची चाल नातवाला यायची. पलीकडच्या खोऱ्यातली चाल कानावर पडायची ती लग्नाकार्यात किंवा बाजाराच्या दिवशी. गिरणीने वेगवेगळ्या खोऱ्यांतली शेकडो माणसं एका चढावर आणून वसवली. एकाच्या ओसरीवरचं फिडल चार घरांत ऐकू जाऊ लागलं. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातली जाखडी आणि घाटावरचा तमाशा एकमेकांच्या शेजारी आले, तसंच हे.

दुसरी गोष्ट रोख पैशाची. शेतकऱ्याच्या हाती पैसा यायचा वर्षातून एकदा, पीक विकल्यावर. गिरणी कामगाराला पगार ठरल्या दिवशी मिळे. तो फार नव्हता, पण रोख होता. त्या काळी सिअर्स रोबक या कंपनीचं जाडजूड सूचीपुस्तक घरोघरी यायचं आणि त्यातून टपालाने गिटार मागवता यायची. फिडल आणि बँजो ही डोंगरातली जुनी वाद्यं. गिटार बहुतेक ठिकाणी पाहुणी होती. ती रेल्वेने, टपालाने, पगाराच्या पैशाने आली. आज आपण ज्या गिटारला या संगीताचा प्राण समजतो ती तेव्हा तिथली नवी खरेदी होती.

मला या सगळ्या कथेत हाच भाग सर्वात मोलाचा वाटतो. ‘जुन्या चालीची गाणी’ म्हणून जे विकलं गेलं ते गाणारी माणसं स्वतः नव्या काळात जगत होती. सूत कातणारी यंत्रं, आगगाडी, वर्तमानपत्रातले अपघात, टपालाने येणारं वाद्य हे त्यांचं रोजचं जग होतं.

न्यूयॉर्कच्या कंपन्यांना ही गाणी का हवी झाली?

ग्रामोफोनच्या कंपन्या संकटात होत्या. १९२२च्या आसपास रेडिओचं वेड पसरलं आणि शहरी घरांत तबकड्यांचा खप घसरू लागला. फुकट ऐकायला मिळत असेल तर विकत कोण घेणार? मग नवं गिऱ्हाईक शोधणं आलं. ओकेह नावाच्या कंपनीने १९२०मध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची तबकडी काढली होती आणि ती तडाखेबंद खपली होती. आपल्या माणसाचा आवाज ऐकायला लोक पैसे मोजतात हे कंपनीला तेव्हा कळलं.

गोऱ्या दक्षिणी श्रोत्यांचा सुगावा लागला तो एका फर्निचरच्या दुकानातून. त्या काळी ग्रामोफोन हे लाकडी कपाटासारखं मोठं सामान असायचं, म्हणून ते फर्निचरवाल्यांकडे विकायला असे, आणि तबकड्याही तिथेच. अटलांटातल्या अशाच एका दुकानदाराने, पोक ब्रॉकमनने, आपल्या शहरातल्या जॉन कार्सन या फिडलवाल्याची तबकडी काढायचा हट्ट धरला. १९२३च्या जूनमध्ये ओकेहच्या राल्फ पियर या माणसाने ती मुद्रित केली. पियरला ते गाणं भयंकर वाटलं. पहिल्या पाचशे प्रती हातोहात गेल्या. पियर हे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

मग फ्रीझचा हेन्री व्हिटर कुठे बसतो?

व्हिटर १८९२ साली फ्रीझच्याच परिसरात जन्मला. गिरणीत काम करायचा. गिटार वाजवायचा, आणि गळ्यात अडकवलेल्या तारेच्या चौकटीत माऊथऑर्गन बसवून एकाच वेळी दोन्ही वाजवायचा. पुढे साठच्या दशकात बॉब डिलनमुळे जगभर पोचलेलं ते चित्र या गिरणी कामगाराने चाळीस वर्षं आधी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत उभं केलं होतं.

त्याचं म्हणणं असं की १९२३च्या मार्चमध्येच, कुणी बोलावलेलं नसताना, तो आपणहून न्यूयॉर्कला गेला आणि ओकेहच्या दारात उभा राहिला. चाचणीची तबकडी निघाली आणि फळीवर पडून राहिली. कार्सन खपला तेव्हा कंपनीला फळीवरचा हा आवाज आठवला. डिसेंबरात व्हिटरला परत बोलावणं आलं आणि १९२४च्या सुरुवातीला त्याची पहिली तबकडी दुकानांत आली.

ते मुद्रण कसं होत असे हेही समजून घ्यायला हवं, कारण गाण्याचा आकार त्यानेच ठरवला. मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्याच्या रुंद तोंडासमोर उभं राहून जोरात गायचं. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. आवाजाने पडदा थरथरायचा आणि सुई मेणात वळणावळणाची रेघ कोरायची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. डोंगरात वीस-पंचवीस कडव्यांची असलेली कथागीतं या तीन मिनिटांत बसवण्यासाठी छाटली गेली, आणि पुढच्या पिढ्यांना छाटलेलीच माहीत झाली. हळू वाद्यं कर्ण्याला ऐकूच यायची नाहीत. माऊथऑर्गनचा टोकदार आवाज मात्र नीट उतरायचा. व्हिटरचा तो फायदा होता.

त्याच्या तबकडीवरचं एक गाणं आगगाडीच्या अपघाताचं होतं. २७ सप्टेंबर १९०३ रोजी सदर्न रेल्वेची ९७ नंबरची टपालगाडी व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलजवळ पुलावरून खाली कोसळली आणि अकरा माणसं गेली. गाडीला उशीर झाला होता, टपाल उशिरा पोचलं तर रेल्वेला दंड भरावा लागे, आणि चालकाने उतारावर वेग आवरला नाही. वेळ, दंड, वेग. घड्याळावर आयुष्य बांधलेल्या गिरणी कामगाराला ही शोकांतिका आपलीच वाटली असेल तर नवल नाही.

पण व्हिटर चांगला गवई होता का?

हा आक्षेप रास्त आहे. नव्हता. आवाज नाकातला, सूर डळमळता, गिटार साधी. आज ऐकताना पहिल्यांदा निराशा होते. पण त्याच्या साधेपणाने एक मोठं काम केलं: ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, हे तर मलाही जमेल.

अर्नेस्ट स्टोनमनला तसंच वाटलं. तो शेजारच्या कॅरोल परगण्यातला, पेशाने सुतार. फ्रीझच्या गिरणीतही त्याने काम केलं होतं आणि व्हिटरला तो तिथूनच ओळखत होता. वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफिल्डमध्ये सुतारकाम करत असताना एका दुकानात त्याने व्हिटरची तबकडी ऐकली. याच्याहून आपण बरं गातो, असं म्हणून त्याने पैसे साठवले आणि न्यूयॉर्क गाठलं. १९२४च्या सप्टेंबरात त्याने टायटॅनिक बुडाल्याचं गाणं गायलं. पियरला ते फार घाईत गायलेलं वाटलं. १९२५च्या जानेवारीत स्टोनमन पुन्हा गेला, तेच गाणं संथ लयीत गायला, आणि त्या काळातल्या गाजलेल्या तबकड्यांत त्याची गणना झाली.

तिसरा केली हॅरेल. गिरणीत बिघडलेले साचे दुरुस्त करणं हे त्याचं काम. त्याला एकही वाद्य येत नव्हतं, फक्त गळा होता, आणि तो या तिघांत सर्वात गोड होता. १९२५च्या जानेवारीत त्याने व्हिक्टर या बड्या कंपनीसाठी गाणी गायली. त्याने रचलेलं एक गाणं पुढे जिमी रॉजर्सने गायलं, ज्याला कंट्री संगीताचा जनक म्हणतात त्याच रॉजर्सने.

याच जानेवारीत फ्रीझपासून काही मैलांवरच्या गॅलॅक्स गावातली मंडळी न्यूयॉर्कला पोचली. त्यांची बैठक जमायची टोनी अल्डरमनच्या केशकर्तनालयात. मुद्रण झाल्यावर पियरने विचारलं, तुमच्या ताफ्याचं नाव काय लिहू? त्यांच्यातल्या एकाने उत्तर दिलं की आम्ही डोंगरातली हिलबिली माणसं, काय हवं ते लिहा. पियरने तेच लिहिलं. या संगीताला पुढची पंचवीस वर्षं चिकटलेलं नाव असं पडलं. त्या ताफ्यातला बँजोवाला जॉन रेक्टर आदल्याच वर्षी व्हिटरबरोबर न्यूयॉर्कला वाजवून आला होता. वाट दाखवणारा पुन्हा व्हिटरच.

पैसा कुणाला मिळाला?

इथे एक शब्द समजून घेऊ: रॉयल्टी. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे मिळणारा छोटा वाटा. गाणं गाणं वेगळं आणि गाण्याचा मालक असणं वेगळं. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्याने तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याच्या मालकाला दोन सेंट ठरवून दिले होते.

मग प्रश्न येतो की लोकगीताचा मालक कोण. आपल्या जात्यावरच्या ओवीचा विचार करा. ओवी कुणा एकीची नसते. आजीने एक ओळ घातली, मावशीने दुसरी बदलली. उद्या एखादी बाई ती ओवी तबकडीवर म्हणाली आणि कंपनीने ‘रचना’ म्हणून तिचं नाव नोंदवलं, तर ते चूक की बरोबर? नोंदवलं नाही तर पैसा कंपनीकडेच राहतो. नोंदवलं तर बाकीच्या मावश्या आणि आज्या पुसल्या जातात.

पियरने या कोड्यातून धंदा उभा केला. तो पुढे व्हिक्टरकडे गेला तेव्हा त्याने पगार नको म्हणून सांगितलं. मी मुद्रित केलेल्या गाण्यांचे हक्क मला द्या, एवढंच मागितलं. कंपनीला वाटलं स्वस्तात सुटलो. गाणं नवं असावं, किंवा निदान नवं म्हणून नोंदवता येईल इतकं बदललेलं असावं, हा त्याचा आग्रह तिथून आला. त्याने पुष्कळ कमावलं. पण गवयांनाही वाटा दिला, आणि तेव्हा तेवढंही सर्रास होत नव्हतं, हे नोंदवणं न्यायाचं आहे.

टपालगाडीच्या गाण्याचं मात्र फार वाईट झालं. व्हिटरची तबकडी ऐकून व्हर्नन डालहार्टने ते गाणं उचललं. डालहार्ट हा टेक्ससचा, नाट्यसंगीताच्या तालमीत तयार झालेला गायक. त्याचं खरं नाव मॅरियन ट्राय स्लॉटर, आणि व्हर्नन व डालहार्ट ही टेक्ससमधल्या दोन गावांची नावं जोडून त्याने गाण्यासाठीचं नाव केलं होतं. १९२४मध्ये व्हिक्टरने काढलेली त्याची तबकडी दहा लाखांच्या वर गेली. कंट्री संगीतात एवढा खप त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

खप दिसताच मालक उगवले. डेव्हिड ग्रेव्हज जॉर्ज नावाच्या, अपघाताच्याच भागात राहणाऱ्या माणसाने, हे गाणं आपण रचलं असा दावा ठोकला. १९३३मध्ये पहिल्या न्यायालयाने त्याला मालक ठरवलं, वरच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल फिरवला, आणि ते प्रकरण चाळीसच्या उंबरठ्यापर्यंत रेंगाळलं. गंमत अशी की गाण्याची चाल या कुणाचीच नव्हती. ती १८६५ सालच्या, परत न आलेल्या एका जहाजावरच्या गाण्यापासून आलेली. न्यायालयाला एक मालक हवा होता आणि गाणं मात्र ओवीसारखं अनेकांच्या तोंडून घडलेलं होतं.

कंट्रीचं जन्मस्थान तर ब्रिस्टल आहे ना?

अमेरिकेच्या काँग्रेसने १९९८मध्ये तसा ठराव केला आहे आणि २०१४पासून तिथे मोठं संग्रहालयही आहे. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या या शहरात १९२७च्या जुलै-ऑगस्टमध्ये पियरने दोन आठवडे मुक्काम ठोकला, एकोणीस ताफ्यांची शहात्तर मुद्रणं केली, आणि त्यातून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे दोन तारे निघाले. आता मायक्रोफोन आला होता, त्यामुळे हळुवार आवाजही टिपता येत होते. ब्रिस्टलचं मोठेपण खोटं नाही.

पण ब्रिस्टलमध्ये पियर रिकाम्या हाताने बसला नव्हता. पहिले काही दिवस त्याने आधीच ठरवलेल्या भरवशाच्या माणसावर काढले, आणि तो माणूस होता स्टोनमन. मग पियरने स्थानिक वर्तमानपत्राच्या माणसाला बोलावून मुद्रण ऐकवलं. त्याची बातमी छापून आली आणि त्यात एक आकडा होता: स्टोनमनला आदल्या वर्षी तबकड्यांतून ३६०० डॉलर मिळाले. गिरणीतल्या माणसाची ती चार-पाच वर्षांची मजुरी. बातमी वाचून डोंगरातून माणसांची रीघ लागली, काही आगगाडीने, काही घोड्यावर, काही पायी. जिमी रॉजर्सही त्या काळात तिथे आला.

म्हणून मला ‘जन्मस्थान’ हा शब्दच अपुरा वाटतो. व्हिटर नसता तर स्टोनमन त्या दुकानातून न्यूयॉर्कला गेला नसता. स्टोनमनचा तो आकडा छापून आला नसता तर ब्रिस्टलच्या दारात एवढी गर्दी जमली नसती. आणि व्हिटरच्याही आधी १९२२च्या उन्हाळ्यात टेक्ससचा रॉबर्टसन फिडल घेऊन न्यूयॉर्कला गेला होता, १९२३मध्ये कार्सन गायला होता. फ्रीझ सर्वात पहिलं होतं असा दावा मी करत नाही. पहिल्या मोजक्या वाटांपैकी एक त्या गावातून निघते आणि थेट ब्रिस्टलला जाऊन मिळते, एवढं मात्र पुराव्यानिशी सांगता येतं.

तर मग हे गोऱ्यांचं संगीत आहे का?

आता त्या ग्रॅमीच्या वादाकडे येऊ. दक्षिणेतल्या कापडगिरण्यांत साच्यावरची कामं १९६०च्या दशकापर्यंत जवळजवळ सगळी गोऱ्यांना मिळत. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला गाठी उचलणं, झाडलोट करणं अशी बाहेरची कामं. म्हणून गिरणीतून निघालेले आवाज गोरे. पण त्यांच्या हातातला बँजो आफ्रिकेतून आलेल्यांचा, त्यांच्या गाण्यातला ब्लूज, म्हणजे दुःखभऱ्या गाण्यांचा प्रकार, कृष्णवर्णीयांचा. व्हिटरच्या त्या पहिल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूच्या गाण्याच्या नावातच ब्लूज आहे.

भिंत उभी केली ती कंपन्यांच्या यादीने. कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या एका क्रमांकमालेत, गोऱ्यांच्या दुसऱ्या. दुकानदाराला कुठली पेटी कुठल्या वस्तीत विकायची ते सोपं जावं म्हणून. फिडल वाजवणारा कृष्णवर्णीय माणूस आला की कंपनीला त्याचं काय करावं कळत नसे, कारण यादीत त्याच्यासाठी खण नव्हता. ब्रिस्टलच्या मुद्रणात एल वॉटसन हा कृष्णवर्णीय माऊथऑर्गनवादक होता. कार्टर कुटुंबातल्या ए. पी. कार्टरबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक गावोगाव गाणी गोळा करत फिरायचा. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवायचा. तबकड्यांवर रिडलचं नाव नाही. शंभर वर्षांपूर्वी विक्रीच्या सोयीसाठी आखलेली रेघ आज लोक परंपरा म्हणून मिरवतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

एवढं सगळं घडलेलं गाव विसरलं का गेलं?

व्हिटरची कहाणी दुःखी आहे. १९२७मध्ये त्याला जी. बी. ग्रेसन भेटला, टेनेसीचा जवळजवळ आंधळा फिडलवादक आणि अतिशय समर्थ गायक. दोघांच्या तबकड्या व्हिटरच्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम आहे. त्यांनी १९२९मध्ये टॉम डुली या फाशी गेलेल्या माणसाचं गाणं गायलं. वेगळ्या वाटेने पोचलेलं त्याच गाण्याचं रूप १९५८मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तोवर दोघंही नव्हते. ग्रेसन १९३०मध्ये मोटार अपघातात गेला. व्हिटर त्यातून सावरला नाही आणि १९४१मध्ये मधुमेहाने गेला. पुढच्याच वर्षी हॅरेलही. मंदीत तबकड्यांचा धंदा कोसळला आणि हे सगळे आवाज दुकानांतून दिसेनासे झाले.

स्टोनमन तेवढा टिकला. मंदीत त्याचं घरदार गेलं, तो कुटुंब घेऊन वॉशिंग्टनच्या आसपास सुतारकाम करत राहिला. त्याला आणि त्याची बायको हॅटी हिला तेवीस मुलं झाली, तेरा जगली, आणि त्यांतली बहुतेक वाजवणारी निघाली. १९५६मध्ये टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत त्याने दहा हजार डॉलर जिंकले. १९६७मध्ये त्याच्या कुटुंबाच्या ताफ्याला कंट्री म्युझिक असोसिएशनचा पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी तो गेला, आणि कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागायला २००८ उजाडलं.

मधल्या काळात या आवाजांना वाचवलं ते जुन्या तबकड्या अडगळीतून वेचणाऱ्यांनी. १९५२मध्ये फोकवेज कंपनीने अशा ८४ जुन्या मुद्रणांचा एक संच काढला. त्यात हॅरेल आहे, ग्रेसन आहे, स्टोनमन आणि हॅटी आहेत. पन्नास-साठच्या दशकातली शहरी पोरं तो संच ऐकून ही गाणी शिकली. त्यांना गायकांची नावं कळली; गिरणीचं नाव मात्र तबकडीच्या लेबलवर नसतं.

गिरणी १९८०च्या दशकाच्या शेवटी बंद पडली, पुढे इमारतही पाडली गेली. धरण अजून आहे. रेल्वेचा फाटा उखडला आणि त्याच्या जागी नदीकाठची सत्तावन्न मैलांची पायवाट झाली. तिचं एक टोक फ्रीझमध्ये आहे. शेजारच्या गॅलॅक्समध्ये १९३५पासून जुन्या फिडलवाल्यांचा मेळावा भरतो, आणि रात्री उशिरापर्यंत तंबू-गाड्यांच्या मधल्या जागेत अनोळखी माणसं एकत्र बसून वाजवतात.

तुम्हाला ऐकायचं असेल तर माझी एक विनंती आहे. इंटरनेटवरच्या जुन्या तबकड्यांच्या संग्रहात आधी डालहार्टचं टपालगाडीचं गाणं ऐका, मग व्हिटरचं. पहिल्यात प्रत्येक शब्द घासूनपुसून ठेवलेला आहे. दुसऱ्यात खरखर आहे, मधेच माऊथऑर्गन श्वास घेतो, आणि पाळी संपवून आलेला एक माणूस कर्ण्यासमोर उभा राहून ओरडून गातो आहे. नंतर स्टोनमनचं टायटॅनिक लावा. ती तबकडी १९२५ची, त्यामुळे २०२६च्या १ जानेवारीला तीही कुलपातून सुटली.